हिरव्या सोंगटीची तपासणी

नवऱ्याचं नाव घ्यायचं तर उखाण्यातच घ्यावं, पण लिहिताना तो लाड चालत नाही, म्हणून एकदाच सरळ घेऊन टाकते: शेषराव पाथ्रीकर. मूळचे परभणीचे. बदलीनं जयपूरला आले आणि विम्याच्या ऑफिसातून निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी इथेच विद्याधर नगरात राहिले. यापुढे मी 'हे' म्हणणार. अडतीस वर्षं तेच म्हणत आले आहे.

निवृत्त माणूस काय करतो? सकाळी फिरायला जातो, पेपर वाचतो, बायकोच्या स्वयंपाकात नाक खुपसतो. यांनी यातलं काहीच केलं नाही. यांनी खेळ बनवायला घेतले. म्हणजे सापशिडी, ल्युडो असले पुठ्ठ्यावरचे खेळ, पण नुसते खेळ नव्हेत, लोकांना शहाणं करून सोडणारे खेळ! ज्या शहरातल्या चौकांनाच चौपड, म्हणजे सोंगट्यांचा पट, म्हणतात तिथे राहून माणसाला पटाचं वेड लागलं तर नवल नाही म्हणा. पण त्यापायी आमचं जेवणाचं टेबल गेलं ते गेलंच. त्यावर सोंगट्या, फासे, डिंकाची बाटली आणि पुठ्ठ्याचे कपटे. आम्ही दोघं ताटं घेऊन पलंगावर जेवतो, आणि पाहुणे आले की त्यांनाही पलंगावरच बसवतो.

खरं सांगायचं तर हे काम यांना जमण्यासारखं नव्हतंच. पॉलिसीच्या मागच्या पानावरचं बारीक छापलेलं वाचण्यात ज्यानं चौतीस वर्षं घालवली, तो खेळाचे नियम लिहिणार तरी कसा? पहिल्या खेळाचे नियम सोळा पानी होते. 'खेळाडू याचा अर्थ, संदर्भानुसार अन्य अर्थ अभिप्रेत नसल्यास, फासा टाकणारी व्यक्ती.' देवा रे! मी म्हटलं, "अहो, हे ऐकेपर्यंत पोरं म्हातारी होतील." तर म्हणाले, "नियम पक्के असले की नंतर वाद होत नाहीत." वाद झालेच नाहीत. कोणी खेळलंच नाही.

तो खेळ डेंग्यूचा होता. मग नियम चार ओळींवर आले (मी आणले, हे कुठेतरी नोंदवलं जायला हवं) आणि कॉलनीतली मुलं गच्चीवर जमली. एकानं डास व्हायचं, बाकीच्यांनी कूलर, कुंड्या, टाक्या रिकाम्या करत आपलं घर वाचवायचं. तासाभरात काय झालं? सगळ्यांना डासच व्हायचं होतं. डासाला उडता येत होतं, कुणाच्याही घरात घुसता येत होतं, चावलं की टाळ्या. हे सोडून कुंड्या कोण उपसत बसतंय? शेवटी सात डास आणि एकच घर उरलं, आणि ते घर म्हणजे आमचे हे. मुलं 'डेंग्यू जिंदाबाद' ओरडत जिना उतरली. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी दुसऱ्या दिवशी काळजीनं विचारलं, "भाभीजी, घर में सब ठीक है ना?"

आमची तनया बंगळुरूला याच धंद्यात आहे. शाळांसाठी मोबाइलवरचे खेळ करते. जन्म जयपूरचा, शाळा जयपूरची, त्यामुळे तिच्या मराठीत निम्मी हिंदी. फोनवर सगळं ऐकून ती आधी पोट धरून हसली, मग म्हणाली, "बाबा, मतलब बघा, खेळ जे सांगतो ना, ते कोणी शिकत नाही. खेळ जे करायला लावतो ते शिकतात. तुम्ही त्यांना चावायला लावलं, ते चावायला शिकले." तिसऱ्या दिवशी ते वाक्य टेबलासमोरच्या भिंतीवर चिकटवलेलं दिसलं, खाली 'इति तनया' असं लिहून. लेकीनं कान उपटलेले बापाला इतके गोड लागलेले मी पहिल्यांदाच पाहिले.

गोडावरून आठवलं. यांना अकरा वर्षांपासून साखर आहे. गोळ्या वेळेवर घेतात, त्याचं श्रेय देते. घेवर दिसला की 'सणाचा आहे' म्हणून खातात, आणि जयपुरात सण कधी नसतो? तेही मी सोडून दिलं असतं. माझं तीन वर्षांपासून एकच मागणं होतं: डोळ्यांचा पडदा एकदा तपासून घ्या. माझे थोरले दीर परभणीला याच साखरेपायी आंधळे झाले. शेवटची चार वर्षं त्यांनी भिंत चाचपत काढली, आणि ते यांनीही पाहिलं आहे. दुखत नाही, खुपत नाही, पडदा आतल्या आत खराब होत जातो, आणि कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. वर्षातून एकदा डोळ्यांत थेंब टाकून बघून घ्यायचं, एवढंच काम. पण यांचं आपलं एकच, "मागच्या वर्षी चष्म्याच्या दुकानात नंबर काढला की."

"अहो, नंबर वेगळा, पडदा वेगळा!"

"बघू. हा खेळ संपला की जातो."

एक खेळ संपला की दुसरा सुरू. विम्यात म्हणे लहान पॉलिसीला डॉक्टरची तपासणी लागत नाही, त्याला ही मंडळी 'नॉन-मेडिकल' म्हणतात. मी यांना तीच हाक मारायला लागले. "अहो नॉन-मेडिकल, चहा झालाय." हसायचे. हसून वेळ मारून नेणं ही यांची जुनी विद्या.

आणि गेल्या वर्षी संक्रांत झाल्या झाल्या यांनी पुढचा खेळ कशावर काढावा? साखर आणि डोळे! लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, दुसरं काय. वर स्वतःलाच एक अट घातली, की हा खेळ न दिसणाऱ्यालाही दिसणाऱ्याच्या बरोबरीनं खेळता आला पाहिजे. हे कुठून सुचलं म्हणून विचारलं तर म्हणाले, "सुचलं."

त्यासाठी यांनी जवाहर नगरातले पृथ्वीराजजी गाठले. अंध मुलांच्या शाळेत इतिहास शिकवतात, स्वतः जन्मापासून अंध, आणि जिभेला धार अशी की विचारू नका. पहिल्याच दिवशी यांनी त्यांच्यापुढे पुठ्ठा ठेवला आणि त्यावर चिकटवलेले मण्यांचे ठिपके मोठ्या मायेनं समजावून दिले. पृथ्वीराजजींनी बोटं फिरवली आणि म्हणाले, "पाथ्रीकर साहब, आपने हम पर दया करके खेल बनाया है. दया मत कीजिए, आपको हराने का मौका दीजिए." मला हा माणूस तिथेच आवडला.

पुढचे सहा-सात महिने दर गुरुवारी ते यायचे, माझे पोहे खायचे आणि यांचा खेळ मोडून जायचे. सोंगट्या रंगानं ओळखायच्या? नको, आकार वेगळे करा. वाजणारा फासा? नको, गल्लीत लाऊडस्पीकर कमी आहेत का? खेळ होता शहराबाहेर सांगानेरला कापड छापणाऱ्या बायकांसाठी, म्हणून पटावर अक्षर तर एकही नको. "सांगानेर की जिन औरतों के लिए बना रहे हैं, उनमें से आधी पढ़ती नहीं. वो और मैं एक ही नाव में हैं." हे वहीत उतरवून घ्यायचे, कुरकुरायचे, आणि पुढच्या गुरुवारपर्यंत सगळं बदलून ठेवायचे.

असं करत करत खेळ झाला तो मात्र झकास. प्रत्येकापुढे झाकणाची एक डबी. दर फेरीला शेजारी पिशवीत हात घालतो, एक बी काढतो आणि न दाखवता तुमच्या डबीत टाकतो. गुळगुळीत चिंचोका म्हणजे सगळं ठीक. लांबट, चीर असलेली खारकेची बी म्हणजे पडद्यावर एक डाग. बोटांना लागते म्हणून शेजाऱ्याला कळतं, तुम्हाला नाही. डबी उघडायची तर वाटेतल्या तपासणीच्या घरात थांबायचं आणि दोन पाळ्या सोडायच्या. बाकीचे पुढे जातात, पण तुम्हाला खारकेच्या बिया काढून टाकता येतात. न थांबता धावत सुटलात तर पहिले याल खरे, पण शेवटी सगळ्यांच्या डब्या उघडतात, आणि तीन खारका निघाल्या की पहिला आलेलाच हरतो. सांगायला हरकत नाही, मी पृथ्वीराजजींना दोनदा हरवलं आहे.

पट कशाचा करायचा यात मात्र घोळ झाला. यांना हवा होता लाकडी, कोरीव पट, बोटांना वाट लागेल असा. म्हणून हे सांगानेरला कापड छापायचे ठप्पे कोरणाऱ्या एका म्हाताऱ्या कारागिराकडे गेले, नकाशा दिला, चारदा बजावलं. पंधरा दिवसांनी पट आला तो आरशात पाहिल्यासारखा उलटा! उजवीकडची वाट डावीकडे, तपासणीचं घर भलत्याच कोपऱ्यात. हे तणतणत परत गेले, मीही मजा बघायला गेले. कारागीर शांतपणे म्हणाला, "बाबूजी, ठप्पा तो उलटा ही कोरा जाता है. सीधा कोरूँगा तो छपेगा उलटा." काय चुकलं त्याचं? तीन पिढ्या जे घर उलटं कोरत आलं, तिथे जाऊन 'बाबा रे, हा छापायचा नाही' एवढं सांगायला नको का? सोळा पानी नियम लिहिणाऱ्याच्या हातून नेमकी हीच ओळ राहिली. मी येताना बसमध्ये हसू आवरायला पदर तोंडात धरला होता.

पण तोडही त्या म्हाताऱ्यानंच काढली. शेजारीच हातकागदाचा कारखाना. ओला लगदा त्या ठप्प्यावर थापला, दाबला, उन्हात वाळवला आणि सोलून काढला तर पट सरळ! वाटा खोलगट उमटल्या होत्या, त्यामुळे सोंगटी त्यात बसली की धक्का लागला तरी हलेना. शिवाय एका ठप्प्यावर हवे तितके पट. गुरुवारी पृथ्वीराजजींनी त्यावर बोट फिरवलं आणि म्हणाले, "अब बना." मग जरा थांबून, "और आपकी उंगलियाँ भी बन गईं, साहब. बड़ी जल्दी सीखीं." मला वाटलं, कौतुक करताहेत.

यांची एक पद्धत सांगायची राहिली. खेळायला कोणी नसलं की हे एकटेच चौघांचा डाव मांडतात. सोंगट्यांना आकार होते तसे आम्हा डोळसांसाठी रंगही होते: लाल, निळी, पिवळी आणि हिरवी. हिरवी यांची स्वतःची, बाकी तिघी कल्पनेतल्या. प्रत्येक डाव वहीत नोंदवायचा. कोण कुठे थांबलं, कोणाच्या डबीत काय निघालं, कोण जिंकलं, तारीख आणि खाली सही. स्वतःशीच खेळलेल्या डावाखाली स्वतःची सही! चौतीस वर्षांची खोड, जाते कुठे?

एका दुपारी यांचा डोळा लागला होता आणि मी टेबल पुसत होते. वही उघडीच होती, सहज चाळली. दोनशे बारा डाव. लाल अधूनमधून तपासणीला थांबलेली. निळी थांबलेली. पिवळी तर जाता-येता थांबायची, मला तिच्यात माझ्या सासूबाई दिसल्या. आणि हिरवी? मी पानं मागे उलटत गेले. मग पहिल्यापासून ओळीवर बोट ठेवून पाहिलं. दोनशे बारा डावांत हिरवी सोंगटी एकदाही तपासणीच्या घरात थांबलेली नव्हती.

इतके दिवस मी समजत होते, हा आळस आहे. आळस असता तर दोनशेत एकदा, निदान चुकून तरी, थांबली असती. हा आळस नव्हता. हा माणूस घाबरलेला होता. आणि घाबरत होता म्हणजे काहीतरी जाणवत असणार. मी वही होती तशी ठेवून दिली. राग आला, कीव आली, आणि विचारायचं धाडस मलाही झालं नाही. त्या दिवशी आमटीत मीठ दोनदा पडलं, आणि हे काही न बोलता जेवले.

त्यानंतर आठवड्याभरानं, होळीच्या जरा आधी, सांगानेरला खेळाची परीक्षा होती. कापड छापायच्या एका कारखान्यात, जेवणाच्या सुट्टीत, छपाईच्या लांब टेबलांवर पट मांडले. बारा बायका जमल्या. त्यांची म्होरकी भँवरी, पन्नाशीची, मनगटापर्यंत हात निळे, आवाज असा की पलीकडच्या गल्लीतल्या बायकांनीही काम थांबवावं. बाराही जणींना साखर. पुढच्या मंगळवारी जवळच्याच दवाखान्यात पडद्याची तपासणी होती. याआधी दोनदा झाली होती आणि त्या बाराजणींतली एकही गेली नव्हती. दिसतंय की, मग दिवस कशाला मोडायचा, असं त्यांचं म्हणणं. खेळानं त्या तपासणीला गेल्या तर खेळ खरा, नाहीतर वर्षाची मेहनत रद्दीत. हे सकाळपासून चार वेळा चष्मा पुसत होते.

खेळ काय रंगला म्हणता! पृथ्वीराजजी एका पटाला, मी एका पटाला. भँवरी सुसाट निघाली. तपासणीचं घर आलं की 'अरे हटो' म्हणून पुढे. तिची शेजारीण तिच्या डबीत बी टाकताना दर वेळी अशी काही गालात हसायची की मलाच राहवेना. भँवरी पहिली आली, निळे हात वर करून एक गिरकीसुद्धा घेतली. मग डब्या उघडल्या. तिच्या डबीत पाच खारका.

"मतलब मैं जीतकर भी अंधी?"

"आइए, आइए," पृथ्वीराजजी म्हणाले, "बिरादरी में स्वागत है."

हशा असा उसळला की कारखान्याचा मालक डोकावून गेला. भँवरीही हसली. पण हसता हसता तिनं त्या पाच बिया तळहातावर घेतल्या आणि बघत राहिली. मग म्हणाली, "चलो, मंगल को चलेंगे सब." यांचा चेहरा असा उजळला म्हणून सांगू! तेवढ्यात तिनं यांच्याकडे मान वळवली. यांनी आल्या आल्या बिनसाखरेचा चहा मागितला होता, ते तिच्या लक्षात होतं. "बाबूजी, शक्कर तो आपको भी है. आपने कब करवाया?"

"पिछले साल," हे म्हणाले. डोळ्याची पापणी लवली नाही.

अडतीस वर्षांत मी यांना चारचौघांत कधी खोटं पाडलं नाही. घरात वाट्टेल ते बोलते, पण उंबऱ्याबाहेर यांचा शब्द तो माझा शब्द. आईनं हेच शिकवलं आणि मला ते पटलंही होतं. भँवरी माझ्याकडे बघत होती. 'हो' म्हणायला मान हलणारच होती. आणि मला थोरले दीर दिसले, परभणीच्या घरात, पाण्याच्या माठापर्यंत जायला भिंत शोधणारे.

"झूठ," मी म्हटलं. माझाच आवाज मला परका वाटला. "झूठ बोल रहे हैं. एक बार भी नहीं करवाया. दो सौ बारह बार ये खेल खेले हैं, एक बार भी नहीं रुके."

यांनी माझ्याकडे पाहिलं आणि हळूच, मराठीत विचारलं, "वही वाचलीस?"

"वाचली."

भँवरीनं हातातल्या बिया डबीत टाकल्या आणि झाकण लावलं. "तो फिर हम क्यों जाएँ?" ती काही रागानं बोलली नाही, तेच जास्त लागलं. शेजारणीनंही झाकण लावलं. मग पलीकडचीनं. टेबलभर नुसता झाकणं लावल्याचा आवाज. हे उभे राहिले. मला वाटलं, निघाले आता, आणि मी कायमचं घालवलं या माणसाला.

"मंगल को कितने बजे?" यांनी विचारलं.

भँवरी म्हणाली, "नौ बजे. और बाबूजी, लाइन में सबसे आगे आप."

मंगळवारपर्यंत आम्ही दोघं जेवढ्यास तेवढं बोललो. मला वाटायचं, माफी मागावी. मग वाटायचं, कशाची? मंगळवारी नऊला हे खरंच रांगेत पहिले होते, आणि मागे बारा बायका, पळून जाऊ नये म्हणून घेराव घातल्यासारख्या. थेंब टाकले, तासभर बसवलं, आत बोलावलं. डॉक्टर तरुण मुलगी होती, आमच्या तनयाच्या वयाची. तिनं उजवा डोळा पाहिला, डावा पाहिला, परत उजवा पाहिला. फार वेळ पाहिला. मग विचारलं, "दाहिनी आँख से कब से नहीं दिखता?"

मी म्हणाले, "नहीं नहीं, डॉक्टर, दिखता है. दिनभर तो बारीक काम करते हैं."

"चौदह महीने," हे म्हणाले.

चौदा महिने. मी तिथेच बोटांवर मोजले. गेल्या वर्षीची संक्रांत. खेळ काढला तेव्हापासून. मग सगळंच माझ्या लक्षात आलं. एका डोळ्यानं दिसेनासं झाल्यावर, थोरल्या भावाचं झालं तेच आपलं होणार हे यांनी मनाशी धरलं होतं, आणि डॉक्टरकडे जायचं सोडून न दिसण्याचा सराव सुरू केला होता. दर गुरुवारी पृथ्वीराजजींसमोर बसून हा माणूस आपल्या बोटांना शिकवत होता. आणि मी पलीकडे पोहे परतत होते, नॉन-मेडिकल म्हणून चिडवत होते.

डॉक्टरनं समजावून सांगितलं. उजव्यातलं फारसं परत येणार नाही. डाव्यातही सुरुवात झाली आहे, पण तिथे वेळ गेलेली नाही. लेसर करायचं, इंजेक्शनं घ्यायची, साखर आटोक्यात ठेवायची, म्हणजे डावा राहील. "छह महीने और रुकते तो..." म्हणाली आणि कागदावर लेसरची तारीख लिहायला लागली. बारा जणींतल्या तिघींच्या पडद्यावर डाग निघाले, त्यांनाही पुढच्या तारखा मिळाल्या. भँवरीचे डोळे स्वच्छ निघाले. तिला ते जरासं लागलंच. "पाँच-पाँच खारक के बाद भी?" असं तिनं डॉक्टरला दोनदा विचारलं.

बाहेरच्या बाकावर मी यांना धरलं. "मला का नाही सांगितलंत?"

"तू रडली असतीस."

"मग रडले असते! रडायला काय लागतं? एक दिवस रडले असते, दुसऱ्या दिवशी तुम्हाला कान धरून इथे आणलं असतं. हा डोळा वाचला असता हो!"

हे समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाले, "गच्चीवर पतंग बघत होतो. डाव्या डोळ्यात कचरा गेला म्हणून तो चोळला, तर अख्खं आकाश गेलं. बाकी सगळ्यांना दिसत होतं, ओरडत होते. मला भीती वाटली गं. फार भीती वाटली."

जन्मभर दुसऱ्यांना त्यांच्या भीतीचे फॉर्म भरून देणारा माणूस. स्वतःची भीती मला सांगायला यांना अडतीस वर्षं आणि एक डोळा लागला. मी भर दवाखान्यात मोठ्यानं रडले. लाज वाटली नाही, आणि यांनी 'लोक बघताहेत' असं म्हटलंही नाही.

निघालो तेव्हा टळटळीत दुपार होती. थेंबांमुळे बाहुल्या मोठ्या झालेल्या, वरून ऊन, यांना काही म्हणजे काही दिसत नव्हतं. आमची परभणीची चाल, नवरा चार पावलं पुढे आणि बायको मागे. रस्त्यात यांनी माझा हात कधी धरला नव्हता, लग्नानंतर देवदर्शनाला गेलो तेव्हासुद्धा नाही. फाटकाशी येऊन हे थांबले आणि हवेतच हात पुढे केला. "कुठे आहेस?"

"इथेच आहे."

हात सापडला तसा यांनी घट्ट धरला. "रिक्षा दिसते का बघ."

रिकामी रिक्षा फाटकासमोरच उभी होती. भैया माझ्याकडेच बघत होता. मी त्याला मानेनंच नको म्हटलं.

"नाही हो दिसत कुठे," मी म्हटलं. "थोडं चालावं लागेल." आणि यांना तसंच हाताला धरून, सावकाश, पार पुढच्या चौकापर्यंत चालवत नेलं.